तात्यांचं अस्वल

तात्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते कुंपणावरून, आणि ते खोटं होतं. मी पुण्याचा आहे हे कळताच म्हणाले, "तुमची पर्वती मी एका दमात पळत चढलोय गा, पाठीवर भाताचं पोतं घिऊन."

मी भाबडेपणाने विचारलं, "पर्वतीवर भाताचं पोतं कशाला?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चढताना वजन असलं म्हंजे उतरताना हलकं वाटतंय."

या उत्तरात काय चुकलंय याचा मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विचार करत होतो. सापडलं नाही.

तात्या म्हणजे माझा शेजारी संदीप याचे वडील. गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिणेच्या टोकाला, चंदगडच्या बाजूला. तिथून पुढे गेलं की एकीकडे कर्नाटक, दुसरीकडे गोवा. वीज मंडळात लाइनमन म्हणून नोकरी झालेली, वय शहात्तर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. वीस सालच्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी डब्लिनला मुलाकडे आले. परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. प्रत्यक्षात परत गेले ते एकवीसच्या ऑक्टोबरात. मधल्या काळात जगाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डब्लिनच्या कडेच्या आमच्या ओंगार वस्तीत काय झालं ते मात्र मलाही अजून नीट कळलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ओंगारमधली आमची घरं एका साच्यातून काढलेली. मागे प्रत्येकाला सतरंजीएवढं गवत, त्याला बाग म्हणायची पद्धत. उजवीकडे संदीपचं घर, मध्ये माझं, आणि डावीकडे एका नर्सबाईंचं. त्या जवळच्या नावन गावच्या हॉस्पिटलात कामाला जात आणि दिवसभर घरात त्यांचे वडील, डेनिस, एकटे असत. डेनिस ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर डब्लिनमध्ये बस चालवलेले, पण मूळचे केरीचे, म्हणजे आयर्लंडच्या दक्षिण टोकाचे. दोघेही दक्षिणेचे, दोघेही विधुर, आणि सरकारने सत्तरीपुढच्या माणसांना घराबाहेर पडू नका असं सांगितलेलं. या प्रकाराला इथे कोकूनिंग म्हणत. संदीपने तात्यांना त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा तात्या म्हणाले, "म्हंजे रेशमाचा किडा. त्याला पुढं उकळत्यात, ते ठावं हाय न्हवं तुज्या सरकारला?"

तर हे दोन किडे रोज दुपारी आपापल्या कुंपणाला खुर्ची लावून बसायचे आणि मधोमध माझी बाग. तात्यांचं इंग्रजी 'ग्रँड' या एका शब्दाचं, तोही इथेच शिकलेला; इथे त्याचा अर्थ 'छान, ठीक'. डेनिसना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. मी एका औषधांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आठवड्यातले दोन दिवस प्लांटवर आणि तीन दिवस घरी बसून व्हॅलिडेशनची कागदपत्रं. त्या तीन दिवसांत मला कधीही हाक यायची. तात्या "पुणेकर!" म्हणायचे, डेनिस नुसती शीळ घालायचे. मी कानातला हेडफोन काढून गवतात जाऊन उभा राहायचो आणि इकडचं तिकडे करायचो. खरं सांगायचं तर डेनिसचं केरीचं इंग्रजी मला निम्मं कळे आणि तात्यांचं मराठीसुद्धा पाऊणच. उरलेलं मी पदरचं घालत असे. दोघांची तक्रार नव्हती.

गोष्टी सगळ्या लहानपणच्या, रानातल्या. सुरुवात तात्यांनी केली. नऊ वर्षांचे असताना ते आणि त्यांचा थोरला भाऊ दत्तू आग्या मोहोळ काढायला गेले. माश्या उठल्या. दोघांनी नदीत उडी मारली आणि पपईच्या देठाची नळी तोंडात धरून पाण्याखाली बसून राहिले. माश्या हटेनात. शेवटी कंटाळून माश्यांनी नळीच्या टोकालाच नवं पोळं बांधलं. "दिवस मावळायला मला तोंडात गोड लागाय लागलं. म्हटलं, झालं, आता वर याला हरकत न्हाई."

मी हे सगळं प्रामाणिकपणे भाषांतरित केलं. डेनिस गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: "दत्तूच्या नळीचं काय झालं?"

तात्यांचा चेहरा असा उजळला की मी चकित झालो. दोन महिन्यांत कुणी त्यांना नीट प्रश्न विचारला नव्हता. "त्याच्या नळीला भोक हुतं," ते म्हणाले. "त्याला मध मिळाला न्हाई. अजून बोलत न्हाई माझ्याशी."

मग डेनिसची पाळी. त्यांच्या लहानपणी ते वडिलांबरोबर दलदलीत पीट, म्हणजे वाळवून जाळतात ती माती, कापायला जात. एकदा फावड्याला काहीतरी लागलं. काढलं तर लाकडी बादली आणि तीत हजार वर्षांपूर्वीचं लोणी. आईने ते पावाला लावून पाद्रीबाबांना वाढलं, आणि पाद्रीबाबांनी अजून मागितलं. तात्यांनी हे ऐकून डोळे मिटले, विचार केला आणि विचारलं, "मीठ हुतं का?"

"नव्हतं," डेनिस म्हणाले. "तीच तक्रार पाद्रीबाबांची."

त्या संध्याकाळी मी हसत हसत बायकोला ही थाप सांगितली आणि सहज म्हणून इंटरनेटवर पाहिलं. आयर्लंडच्या दलदलीत पुरलेलं शेकडो वर्षं जुनं लोणी खरोखरच सापडतं. म्युझियममध्ये ठेवलेलं आहे. उलट तात्यांनी एकदा अगदी साधं सांगितलं, की शाळेत जाण्याआधी ते रोज म्हैस नदीवर धुवायला न्यायचे. यात थापेला जागाच नव्हती. मी ते संदीपला कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हैस? आमच्याकडे कधीच नव्हती. आजोबांना दुधाचा वाससुद्धा सहन होत नव्हता." तेव्हापासून मी खरं-खोटं ओळखण्याचा नाद सोडला. इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस मी, आयुष्य मोजण्यात गेलेलं. पण या दोघांना लावायचं मीटर माझ्याकडे नव्हतं.

तात्यांच्या काही रीती होत्या. साक्षीदाराचं पूर्ण नाव सांगायचं आणि वर "त्याला इचार" म्हणायचं. तो साक्षीदार हटकून वारलेला असे. लांबी-रुंदी हाताने दाखवायची, पण हात दाखवताना आधी इकडेतिकडे तार आहे का बघायचे, ती लाइनमनची सवय. रस्त्यावरचे लाकडी खांब त्यांना फार आवडत. ते कुंपणावरून त्यांच्याकडे मुलीला बघायला आल्यासारखे बघत. हसायचे कधीच नाहीत. हसलं की गोष्ट बाटते, असं त्यांचं मत. डेनिसनी त्यांच्या आजोबांचं गाढव आजोबा आजारी असताना एकटंच चर्चला जाऊन उभं राहायचं आणि पाद्री हजेरी मांडायचा, हे सांगितलं तेव्हा मी खो खो हसलो. तात्यांनी मला तिथल्या तिथे झापलं. "तू मधली तार हाईस, तुज्यातनं करंट जातोय. तू थरथरायचं न्हाई."

या सगळ्यांत मोठी गोष्ट अस्वलाची. ती कधी पूर्ण झालीच नाही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तात्या आणि दत्तू जांभळीवर चढलेले, वर बघतात तर अस्वल आधीच जांभळं खात बसलेलं. तिघांनी फांद्या वाटून घेतल्या आणि दुपारपर्यंत खाल्लं. उतरताना अस्वलाने दत्तूची टोपी नेली. पुढच्या महिन्यात जांभळीचा फणस झाला. अस्वलाला फणस फोडता येईना म्हणून तात्यांनी फोडून दिला. हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधारून यायचं आणि दोघे घोंगडी-रजई घेऊन बसायचे, तेव्हा अस्वल दत्तूला पाठीवर बसवून घरी सोडायला आलं. आणि एकवीसच्या वसंतात एका दुपारी तात्यांनी ती पुन्हा सांगितली, तर तीत दत्तू नव्हताच. झाडावर फक्त तात्या आणि अस्वल. मी म्हटलं, "आणि दत्तू?"

तात्या म्हणाले, "कोण दत्तू?"

मी डेनिसकडे पाहिलं. डेनिसनी खांदे उडवले. गोष्टीचीच ही नवी पायरी होती की काय, मला कळेना.

नेमका संदीप त्या वेळी मागच्या दारात चहा घेऊन उभा होता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि किचनच्या कपाटाला टेकून उभा राहिला. "दत्तू कोण रे?" त्याने विचारलं.

"तुझे काका ना?"

"मला काका नाहीत. तात्यांना दोन बहिणी. भाऊ कधीच नव्हता."

वर्षभर मी ज्याच्या गोष्टी रोज या कुंपणावरून त्या कुंपणावर पोचवत होतो, तो माणूसच नव्हता. संदीप बराच वेळ बोलत होता. तात्या आठवड्यातला वार विसरतात. एकदा फिरायला गेले आणि तीन घरं पलीकडे जाऊन बेल वाजवत उभे राहिले. गोष्ट दरवेळी बदलते, माणसं येतात आणि जातात. आणि या माणसाला परत गावी जाऊन एकट्याने राहायचंय. विमानं आता सुरू होत होती, तात्यांनी दोन्ही लशी घेतल्या होत्या आणि रोज सकाळी विचारत होते, "तिकीट काढलं का?" गावात त्यांचं घर, चार काजू, एक विहीर. संदीपने ठरवलं होतं: डॉक्टरांकडून डोकं तपासून घ्यायचं. सगळं ठीक निघालं तर गाव. नाहीतर पुण्यात म्हाताऱ्यांसाठी एक चांगली जागा त्याने पाहून ठेवली होती, चोवीस तास माणूस, फाटकावर वॉचमन. "तू रोज ऐकतोस त्यांना," तो म्हणाला. "तुला काय वाटतं? विसरतायत की थापा मारतायत?"

मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. वार मलाही आठवत नव्हता. आमची घरं अशी आहेत की मीही एकदा ऑफिसच्या विचारात शेजारच्या दाराला किल्ली लावली होती. प्रत्येक लक्षण मला लावून पाहिलं तरी बसत होतं.

दुसऱ्या दिवशी डेनिसना विचारलं. ते म्हणाले, "तो अगदी ग्रँड आहे. अस्वलाची गोष्ट त्याने मला चार वेळा सांगितली, दरवेळी अस्वल आधीपेक्षा चांगलं होतं. विसरणाऱ्याचं अस्वल लहान होत जातं."

मला हे पटलं, आणि लगेच वाटलं की या साक्षीदाराची तरी साक्ष कशी धरायची. म्हणून तात्यांनाच गाठलं. थेट म्हटलं, "तात्या, तुम्हाला भाऊ नाही म्हणे. मग दत्तू कुठून आला?"

तात्या वरमले नाहीत. "एकल्याच्या गोष्टीवर कोण इस्वास ठेवतंय गा? रानातनं एकलं पोर आलं आणि म्हणालं, अस्वल बघितलं, तर बा कानफटीत देतोय. दोघं म्हणाली तर इचारतोय तरी, कसलं हुतं. म्हणून दत्तू." मग थोडं थांबून म्हणाले, "दोन भनी हुत्या, पर त्यास्नी रानात सोडत नसत. मी एकलाच हिंडायचो."

"मग त्या दिवशी 'कोण दत्तू' का म्हणालात?"

यावर ते खांबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चहा झाला असंल."

जुलैत डॉक्टरांची व्हिडिओवरची वेळ मिळाली. पहिल्या भेटीत संदीप मध्ये मध्ये वडिलांची उत्तरं स्वतःच देत होता, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पुढच्या वेळी भाषांतराला घराबाहेरचा, तटस्थ माणूस बसवा. तटस्थ म्हणून संदीपने मला निवडलं. मी दुसऱ्या भेटीला छाती फुगवून गेलो. संदीप वरच्या खोलीत, खाली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर मी आणि तात्या. तात्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता आणि गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. इतके नीट बसलेले तात्या मी कधी पाहिले नव्हते, आणि मला त्यांची फार माया वाटली.

बाईंनी साल विचारलं, तात्यांनी बरोबर सांगितलं. महिना विचारला, म्हणाले, "आषाढ लागला." मी मोबाइलवर पाहून खात्री केली आणि जुलै म्हणून सांगितलं. वार चुकला. पण मलाही लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघावं लागलं. बाई हसून म्हणाल्या, "यंदा वारावरून मी कुणालाच नापास करत नाही." मग त्यांनी तीन शब्द सांगितले, हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन. मी मराठीत सांगितले: सफरचंद, खुर्ची, छत्री. तात्यांनी तिन्ही म्हणून दाखवले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते त्यांनी तारेवरून चालल्यासारखे न अडखळता दोनापर्यंत नेले. मग बाईंनी ते तीन शब्द विचारले.

तात्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. मग घसा साफ केला आणि सुरू झाले. "साळंत येकदा सायेब तपासणीला आलता. बेळगावास्नं त्येच्यासाठी सफरचंद आणल्यालं, आमच्या गावात पयलं. सायबानं ते टेबलावर ठिवलं आणि तो खुर्चीवर बसला. मागच्या खिडकीतनं वान्नेर आत..." माझं भाषांतर चालूच होतं, सव्वा वर्षाच्या सवयीने त्यांच्या मागोमाग, अर्धं वाक्य मागे. वानर आलं, सफरचंद उचललं, साहेब खुर्चीसकट मागे पडला. "आणि मग..." तात्या म्हणाले, आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मला आजही नीट सांगता येत नाही. गोष्ट ऐन रंगात आली की ऐकणाऱ्याने "मग?" म्हणावं म्हणून ते असेच थांबत. पण डोळ्यांत त्या वेळी आणखीही काही होतं, किंवा मला नंतर तसं वाटू लागलं. विचार करायला वेळच मिळाला नाही. माझं तोंड आपोआप पुढे गेलं होतं, आणि मी इंग्रजीत म्हणत होतो, की साहेब उठला आणि आपली छत्री तिथेच टाकून पळत सुटला.

"तिन्हीच्या तिन्ही!" बाई खूश झाल्या. "आणि असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. फेअर प्ले." ही इथली शाबासकी.

संदीप खाली आला तेव्हा बाई त्याला सांगत होत्या, की वयाच्या मानाने उत्तम आहे, काळजी नको, सहा महिन्यांनी तिकडेच एकदा दाखवा. संदीपने वडिलांना मिठी मारली. तात्या म्हणाले, "ग्रँड." मी घरी आलो आणि कागदपत्रं उघडून बसलो. माझ्या धंद्यात एक आकडा पदरचा घातला तर नोकरी जाते. इथे मी एक शब्द घातला होता आणि मला स्वतःलाच कळत नव्हतं, की मी एका माणसाला त्याचं घर मिळवून दिलं, की त्याला एकटं विहिरीशेजारी नेऊन सोडलं. संदीपला सांगावं असं तीनदा वाटलं. तात्यांना विचारावं असंही वाटलं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं. मी भित्रा आहे, हे तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात एका सकाळी ते निघाले. संदीप सोबत जाणार होता, घर लावून देऊन आठ दिवसांनी परतणार. डेनिस पुढच्या दारात आले, तात्यांचा हात दोन्ही हातांत धरून बरंच बोलले. तात्याही बरंच बोलले. त्या दिवशी मला कुणी हाक मारली नाही. मग तात्या माझ्याकडे आले. संदीप दहा पावलांवर गाडीत बॅगा भरत होता.

"पुणेकर," ते हळू आवाजात म्हणाले, "तिसरा शबुद कुठला हुता गा?"

"कुठला तिसरा?"

"नाटक करू नगंस. बाईनं तीन सांगितल्यालं. दोन मला घावलं. तिसरा तू घातलास."

"तुम्हाला इंग्रजी कुठे कळतं तात्या?"

"इंग्रजी कशाला पायजे? मी थांबलो, आणि तू बोलतच हुतास."

ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गोष्टीतलं काहीच नव्हतं. "अस्वल, मोहोळ, दत्तू, समदं मी बनिवल्यालं, ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्यातलं काय सोडायचं, काय धरायचं, माज्या हातात हाय. पर तो येक साधा शबुद, पाच मिनटामागचा, कुठं गेला कळंना. त्या दिवसापास्नं हुडकतोय. मला भ्या वाटतंय गा." मग संदीपच्या दिशेने मान हलवली. "त्याला सांगायचं तर आत्ता सांग. मी रागावणार न्हाई. पर सांगितलंस तर तो मला फाटकाच्या आत ठिवील."

संदीपने डिकी बंद केली आणि आमच्याकडे बघून हात केला, चला म्हणून. त्याच्याकडे जायला दहाच पावलं होती. मी हललो नाही.

"छत्री," मी म्हणालो.

"छत्री," तात्या म्हणाले. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "छत्री." त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि ते जाऊन गाडीत बसले. पट्टा संदीपने लावून दिला. संदीपने काच खाली करून मला ओरडून सांगितलं, "थँक्स यार, तू होतास म्हणून!" मी हात हलवला. गाडी कोपऱ्यावर वळताना काचेआड तात्यांचे ओठ हलताना दिसले. तो शब्द घोकत होते, की संदीपला काही सांगायला सुरुवात केली होती, मला कळलं नाही.